विक्रीपूर्वीची डागडुजी: कोथरूडमधील एका जुन्या सदनिकेचे प्रकरण

पुण्यात कोथरूडला १९९३ साली बांधलेल्या एका इमारतीतील तिसऱ्या, म्हणजे सर्वांत वरच्या मजल्यावरची दोन बेडरूमची सदनिका विकायची होती. खाली वाहनतळ, वर तीन मजले, प्रत्येक मजल्यावर चार घरे आणि लिफ्ट नाही, अशी कोथरूडमध्ये जागोजागी दिसणारीच ती इमारत आहे. सदनिका माझ्या काकांची. २०२१ मध्ये काका गेल्यानंतर काकू तिथे एकट्याच राहत होत्या. गुडघ्यांमुळे तीन जिने चढणे त्यांना झेपेनासे झाले, तेव्हा २०२४ च्या उन्हाळ्यात त्यांनी नाशिकला मुलीजवळ राहायला जायचे ठरवले. मी स्थापत्य अभियंता म्हणून अनेक वर्षे बांधकामांवर काम केलेले असल्यामुळे विक्रीची जबाबदारी साहजिकच माझ्याकडे आली. पहिल्याच दिवशी काकूंनी विचारले, "अरे, आधी घर नीट करून घ्यायचं ना? असलं स्वयंपाकघर कुणाला दाखवायचं?"

हा प्रश्न घर विकणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला पडतो आणि त्याचे उत्तर बहुधा अंदाजाने दिले जाते. इथे प्रत्येक खर्चाची पावती आणि प्रत्येक बोलणीची तारीख मी जपून ठेवली, म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडता येत आहे.

घराची मूळ अवस्था

करारनाम्याप्रमाणे क्षेत्रफळ ७८० चौरस फूट बिल्टअप. जमिनीला मूळच्या मोझॅक टाइल्स, स्वयंपाकघरात कडाप्प्याचा ओटा, विजेचे बोर्ड लाकडी आणि फ्यूज चिनीमातीचे. हॉलला लागून असलेली बाल्कनी काकांनी २००५ मध्ये सरकत्या काचा लावून आत घेतली होती. एका बाथरूममधून खालच्या घराच्या छताला ओल येत होती आणि मागच्या बेडरूममध्ये गच्चीवरून पाणी झिरपून कपाटामागच्या भिंतीला पोपडे धरले होते.

एका अंतर्गत सजावटकाराने पूर्ण नूतनीकरणाचे अंदाजपत्रक दिले ते ९ लाख ४० हजारांचे: मॉड्युलर किचनचे ३ लाख २० हजार, व्हिट्रिफाइड टाइल्सचे २ लाख १० हजार, दोन्ही बाथरूमचे १ लाख ९० हजार, फॉल्स सीलिंग आणि दिव्यांचे १ लाख ४० हजार, रंगाचे ८० हजार. एवढा खर्च केला की घर सहज १५ लाखांनी वर जाईल, असे त्याने सांगितले. काकूंना ते पटले होते. मला शंका होती, पण त्या वेळी ती आकड्यांत मांडता येत नव्हती.

जुलैमधील चूक

तोवर वेळ तरी जाऊ नये म्हणून घर आहे त्या स्थितीत ९५ लाख रुपये किंमत सांगून जुलैमध्येच दाखवायला सुरुवात केली. हा निर्णय माझा होता आणि तो चुकला. ऐन पावसाळ्यात गच्चीखालचे घर दाखवणे म्हणजे त्याचा सर्वांत मोठा दोष सर्वांत वाईट दिवसांत दाखवणे होय. पहिली दोन कुटुंबे पाहून गेली आणि पुन्हा फोन आला नाही. तिसऱ्या कुटुंबाबरोबर एक वयस्कर बाई होत्या. त्यांनी हॉल पाहिला नाही, ओटा पाहिला नाही. थेट मागच्या बेडरूममध्ये जाऊन कपाट आणि भिंत यांच्यामधल्या फटीत हात घातला, तळहात भिंतीला टेकवून क्षणभर तसाच ठेवला आणि बाहेर काढून मुलाला दाखवला. तळव्याला चुन्याची ओलसर पूड लागली होती. पुढची पंधरा मिनिटे त्यांनी घर सभ्यपणे पाहिले, एवढेच.

चौथ्या ग्राहकाने मात्र प्रस्ताव दिला, ८४ लाखांचा. ९५ मधून ११ लाख का कमी करायचे हे त्याने वहीत लिहून आणले होते: गळतीपोटी ५ लाख, बाथरूमपोटी २ लाख, कागदपत्रांना लागणाऱ्या वेळेपोटी २ लाख आणि बाकीचे २ लाख नेहमीची घासाघीस. तो गृहस्थ लबाड नव्हता. गळती नेमकी कुठून होते आणि ती बंद व्हायला काय लागेल हे त्याला माहीत नव्हते, म्हणून त्याने स्वतःला सुरक्षित वाटेल एवढी रक्कम वजा केली होती. ही सारी दुरुस्ती आमच्या वाट्याला दीड लाखाच्या आत येईल हे मला माझ्या कामामुळे ठाऊक होते. पण ठाऊक असणे निराळे आणि समोरच्याला तशी खात्री वाटणे निराळे. त्या वहीतील ५ लाख म्हणजे दुरुस्तीची किंमत नव्हती, संशयाची होती. या प्रकरणातील बाकीचे सगळे निर्णय मी त्या पानाकडे पाहून घेतले.

शेजारच्या घरांचे भाव

सांगितली जाणारी किंमत आणि प्रत्यक्ष नोंदलेली किंमत यांत अंतर असते. म्हणून नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावरील ई-सर्चमधून आमच्याच इमारतीचे सूची क्रमांक दोन, म्हणजे नोंदवलेल्या खरेदी-विक्रीचे सरकारी उतारे, काढले. एवढ्याच क्षेत्रफळाची पहिल्या मजल्यावरची सदनिका नोव्हेंबर २०२३ मध्ये ९० लाखांना गेली होती आणि तिला जुने स्वयंपाकघर, जुन्या टाइल्स असे सगळे मूळचेच होते. दुसऱ्या मजल्यावरची मार्च २०२४ मध्ये ९३ लाखांना गेली. तिच्या मालकाने दोन वर्षांपूर्वी सुमारे ८ लाख खर्चून ती नव्यासारखी केली होती. फरक ३ लाखांचा, आणि त्यातही मधल्या चार महिन्यांत चढलेल्या भावाचा काही वाटा असणारच. दोनच व्यवहारांवरून नियम काढणे योग्य नव्हे हे खरे, पण १५ लाखांच्या त्या आश्वासनाला आमच्याच जिन्यात आधार सापडत नव्हता.

बँक काय मोजते

जुन्या इमारतीतील घर घेणारा बहुतेक वेळा कर्ज काढून घेतो, आणि कर्जाचा आकडा बँकेने नेमलेल्या मूल्यांककाच्या अहवालावर ठरतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ३० लाखांहून अधिक आणि ७५ लाखांपर्यंतच्या गृहकर्जासाठी घराच्या मूल्याच्या ८० टक्क्यांपर्यंत, तर ७५ लाखांपुढील कर्जासाठी ७५ टक्क्यांपर्यंतच रक्कम देता येते, आणि त्या मूल्यात मुद्रांक शुल्क व नोंदणी शुल्क धरले जात नाही. पुढे ज्यांनी घर घेतले त्यांच्या बँकेचा मूल्यांकक आला तेव्हा मी हजर होतो. त्याने लेझर मापकाने खोल्या मोजल्या, इमारतीचे वय, लिफ्ट आणि पार्किंग यांची नोंद केली, मंजूर नकाशाची प्रत मागितली, सात-आठ छायाचित्रे घेतली आणि वीस मिनिटांत तो निघाला. त्याने मूल्य धरले ८८ लाख. आत घेतलेल्या बाल्कनीपाशी तो थांबला, नकाशाशी ताडून पाहिले आणि तेवढी वाढीव जागा हिशेबात न घेता करारनाम्यातील क्षेत्रफळच कायम ठेवले. काकांनी हौसेने केलेल्या त्या सुधारणेचे एक रुपयाही मूल्य लागले नाही. उलट ती मूळ नकाशाप्रमाणे नाही, असा शेरा अहवालात आला आणि त्याचा खुलासा देण्यात आमचा आठवडा गेला.

आता ग्राहकाच्या खिशाचा हिशेब पाहू. किंमत ९२ लाख आणि मूल्यांकन ८८ लाख असेल तर कर्ज मिळते ७० लाख ४० हजार. उरलेले २१ लाख ६० हजार, पुण्यात लागणारे ७ टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे ६ लाख ४४ हजार आणि नोंदणीचे ३० हजार, असे एकूण २८ लाख ३४ हजार त्याने स्वतः उभे करायचे. समजा आम्ही नूतनीकरण करून किंमत ९८ लाख केली असती, तरी क्षेत्रफळ, मजला आणि इमारतीचे वय तेच राहिल्यामुळे मूल्यांकन फार तर किंचित हलले असते. म्हणजे वरचे ६ लाख आणि त्यावरचे ४२ हजारांचे मुद्रांक शुल्क जवळजवळ पूर्णपणे त्याच्या शिलकीतून गेले असते. २८ लाखांच्या जागी त्याला ३४ लाख ७६ हजार जमवावे लागले असते. नोकरी करणाऱ्या तरुण जोडप्याजवळ कमी असते ती हीच हातातली रोकड. तेच किचन ताबा घेतल्यावर स्वतःच्या पसंतीने, सवडीने, दोन टप्प्यांत करून घेणे त्यांना सोयीचे पडते. सजावटकाराच्या अंदाजपत्रकात हा हिशेब कुठेच नव्हता, आणि माझ्या मते सारा प्रश्न इथेच सुटतो.

शिवाय इमारत तीस वर्षे ओलांडून गेलेली. सोसायटीच्या वार्षिक सभेत पुनर्विकासाचा विषय दोनदा निघाला होता. ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयानंतर पुनर्विकासासाठी एकूण सभासदांपैकी ५१ टक्क्यांची संमती पुरते, त्यामुळे आज ना उद्या ही इमारत पाडली जाणार याची कल्पना प्रत्येक जाणत्या ग्राहकाला असते. जे घर पाच-सात वर्षांत पाडले जाण्याचा संभव आहे, त्यातील नव्या ओट्यासाठी तो जादा पैसे का मोजेल?

प्रत्यक्ष केलेली कामे

गच्चीची गळती ही सोसायटीची जबाबदारी. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत, म्हणजे नमुना नियमावलीत, पावसाच्या पाण्याची आणि सामाईक नळांची गळती सोसायटीने दुरुस्त करायची, तर सदनिकेतील संडास-बाथरूमची गळती सभासदाने स्वखर्चाने, अशी विभागणी स्पष्ट आहे. गच्चीवर कठड्यालगतच्या कोपऱ्यातली सिमेंटची गोलाई (वाटा) सुटली होती आणि कोब्याला तडे गेले होते. पावसात हे काम होत नाही, म्हणून समितीने ते नोव्हेंबरमध्ये करून घेतले. खर्च ३ लाख ६० हजार, बारा सभासदांत वाटून काकूंचा वाटा ३० हजार.

बाथरूमचे काम मी स्वतः उभे राहून करून घेतले आणि ते थोडे विस्ताराने सांगण्यासारखे आहे, कारण वरवर ग्राउट भरून डाग रंगवून टाकण्याचा मोह याच ठिकाणी होतो. टाइल्स फोडून खालचा भराव काढल्यावर दिसले की नहाणी ट्रॅपभोवतीचा, म्हणजे सांडपाण्याच्या जाळीखालच्या भांड्याभोवतीचा, सांधा पूर्ण मोकळा झाला होता आणि भिंतीतला जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप आतून गंजून बोट जाईल एवढाच उरला होता. नवा ट्रॅप, सीपीव्हीसीचे (प्लास्टिकचे) पाइप, कोपऱ्यांना गोलाई, ब्रिकबॅट (विटांच्या तुकड्यांचा) कोबा आणि वर जलरोधक रसायनाचे दोन हात, एवढे झाल्यावर टाइल्स न लावता ट्रॅपचे तोंड बंद करून चार इंच पाणी कोंडून ठेवले आणि पातळीशी भिंतीवर पेन्सिलीची रेघ मारली. खालच्या घरात जाऊन छतावरच्या जुन्या डागाची कडही तशीच आखली. ४८ तासांनी वरचे पाणी रेघेला जवळजवळ लागूनच होते आणि खालचा डाग आखलेल्या कडेच्या बाहेर सरकला नव्हता. मगच टाइल्स लावल्या. प्रत्येक टप्प्याची छायाचित्रे तारखेसह काढली आणि पावत्यांबरोबर एका फाइलमध्ये लावली. या कामाला ८५ हजार लागले.

बाकीची कामे किरकोळ होती. पोपडे खरवडून, पुट्टी आणि प्रायमर करून सगळ्या घराला दोन हात पांढरट रंग दिला, ६२ हजार. लाकडी बोर्ड आणि जुने फ्यूज काढून एमसीबी (बिघाड होताच वीज आपोआप तोडणारे स्विच) बसवले, १८ हजार. मोझॅक टाइल्स न बदलता पाणी सोडून यंत्राने तीन प्रकारच्या दगडांनी घासून घेतल्या, १४ हजार. तीस वर्षांचा मेण-तेलाचा थर निघाल्यावर हिरव्या-काळ्या दाण्यांची ती जमीन इतकी उजळली की काकूंना १९९३ मधला गृहप्रवेश आठवला. सामान हलवून पोटमाळे रिकामे करायला ९ हजार. हे सर्व १ लाख ८८ हजार आणि गच्चीचा वाटा धरून २ लाख १८ हजार झाले. किचनला हात लावला नाही. ओटा फक्त घासून स्वच्छ केला आणि सिंकखालचा ठिबकणारा सांधा बदलला. काकूंना हे शेवटपर्यंत रुचले नाही, आणि मी त्यांना दोष देत नाही. ज्या ओट्यापाशी तीस वर्षे काढली तो परक्याला जुन्या अवस्थेत दाखवणे त्यांना कमीपणाचे वाटत होते.

कागदांची दुरुस्ती

या प्रकरणात सर्वांत कमी खर्चात सर्वांत मोठा परिणाम झाला तो गवंड्याच्या कामाचा नव्हे. काकांनी मृत्युपत्र केले नव्हते. सोसायटीच्या भाग दाखल्यावर (शेअर सर्टिफिकेटवर) नामनिर्देशित, म्हणजे नॉमिनी, म्हणून काकूंचे नाव लागले होते आणि घर आता आपल्या नावावर झाले, अशी त्यांची समजूत होती. नामनिर्देशनाने मालकी मिळत नाही. हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे पत्नी, मुलगा आणि मुलगी असे तिघेही समान वारस होते. ८४ लाखांच्या ग्राहकाने वजा केलेले २ लाख याच कारणासाठी होते आणि त्याच्या वकिलाचे म्हणणे बरोबर होते. मुलगा बंगळूरला, मुलगी नाशिकला. दोघांनी ऑगस्टमध्ये पुण्यात येऊन आईच्या नावे विनामोबदला हक्कसोडपत्र, म्हणजे आपला हिस्सा सोडल्याचा दस्त, नोंदवून दिले. अशा दस्ताला महाराष्ट्रात नाममात्र मुद्रांक शुल्क लागते. त्याच महिन्यात मालमत्ता कराच्या नोंदीतले आणि वीज मीटरवरचे नाव बदलून घेतले, सोसायटीकडून थकबाकी नसल्याचा दाखला घेतला आणि १९९३ चा नोंदणीकृत करारनामा, सूची क्रमांक दोन व मंजूर नकाशा एकत्र लावून ठेवले.

विक्री आणि हिशेब

नोव्हेंबरच्या अखेरीस घर पुन्हा दाखवायला काढले. दुसऱ्याच आठवड्यात एक तरुण जोडपे आले, मुलाची आईही बरोबर होती. आईंनी पुन्हा गळतीचाच प्रश्न केला, "काकू, पावसाळ्यात गळतं का हो?" काकूंनी काही न बोलता फाइल पुढे केली. पाणी कोंडलेल्या बाथरूमचे छायाचित्र आणि गच्चीच्या कामाची सोसायटीची पावती पाहून मुलाने खालच्या घरात जाऊन छत बघायची परवानगी मागितली, आणि तिथल्या गृहस्थांनी आखलेली पेन्सिलीची कड त्याला दाखवली. ९५ वरून बोलणी सुरू होऊन ९२ लाखांवर ठरली, डिसेंबरात विसार पावती झाली आणि जानेवारी २०२५ मध्ये दस्त नोंदवला गेला.

८४ आणि ९२ यांतील ८ लाखांचे सगळे श्रेय २ लाख १८ हजारांच्या खर्चाला देणे बरोबर होणार नाही. जुलैचा ग्राहक ताणून धरले असते तर दोन लाख वर आला असता, सहा महिन्यांत भावही थोडा चढला, आणि कागद पूर्ण झाल्याचा वाटा मोठा आहे. त्या काळात सोसायटीची १३ हजार २०० रुपये वर्गणीही भरावी लागली. तरीही माझा अंदाज असा की गळती बंद करण्यावरचे १ लाख १५ हजार कित्येक पटींनी परत आले. रंग आणि टाइल्स घासण्यावरचे पैसे परत आले, थोडे अधिकही. विजेच्या बोर्डांवरचे १८ हजार किमतीत दिसले नाहीत, पण सुरक्षिततेचे काम असल्यामुळे ते केल्याची खंत नाही.

कराचा विचारही अनेक जण नूतनीकरणाच्या बाजूने मांडतात: खर्च केला की तो भांडवली नफ्यातून वजा होतो. २३ जुलै २०२४ पासून घराच्या दीर्घकालीन नफ्यावर निर्देशांकाविना, म्हणजे मूळ किंमत महागाईप्रमाणे न वाढवता, १२.५ टक्के दर आला आणि त्यापूर्वी घेतलेल्या घरासाठी भारतात निवासी असलेल्या व्यक्तीला निर्देशांकासह २० टक्क्यांचा पर्याय राहिला. १ एप्रिल २००१ चे बाजारमूल्य ९ लाख आणि दलाली ९२ हजार धरून जुन्या पद्धतीने, म्हणजे ३६३ च्या निर्देशांकाने, कर ११ लाख ६८ हजार येत होता आणि नव्या पद्धतीने १० लाख २६ हजार. अधिभार व उपकर वेगळे. रंगरंगोटी आणि नेहमीची दुरुस्ती सुधारणेच्या खर्चात धरली जात नाही. सजावटकाराचे ९ लाख ४० हजार पूर्णच्या पूर्ण मान्य झाले असते असे समजले, तरी वाचला असता तो फक्त १ लाख १७ हजार ५०० रुपयांचा कर. प्रत्यक्षात काकूंनी मे महिन्यात नाशिकला पहिल्या मजल्यावरची सदनिका मुद्रांकासह ५१ लाखांना घेतली आणि उरलेल्या नफ्याचे विक्रीपासून सहा महिन्यांच्या आत करसवलतीचे रोखे घेतले, त्यामुळे कर भरावा लागलाच नाही.

इमारत आठ-दहा वर्षांची असती, लिफ्ट असती, आजूबाजूला त्याच नमुन्याची नवी घरे विक्रीला असती, तर किचनबाबत मी कदाचित वेगळे ठरवले असते. तिथे घर घेणारा दोन घरे एकाच दिवशी शेजारी-शेजारी पाहतो, आणि लगेच राहायला जाता येणारे घर त्याला घरभाड्याचे दोन महिने वाचवून देते.

मार्चमध्ये एक राहिलेला कागद द्यायला त्या घरी गेलो, तेव्हा कडाप्प्याचा ओटा जिन्याखाली तुकडे होऊन पडला होता. सूनबाई उंच आहेत, म्हणून त्यांनी नवा ओटा ३४ इंचांवर घेतला होता आणि सिंक खिडकीखाली सरकवले होते. हॉलमध्ये मोझॅकवर सतरंजी अंथरून मुलाच्या आई भाजी निवडत बसल्या होत्या. बाथरूममध्ये त्यांनी काहीही बदलले नव्हते.